अठ्ठ्याऐंशी सालचा पोटखराबा

आमच्या प्रणिताचं पहिलं स्थळ पत्रिकेवरून मोडलं नाही, उंचीवरून नाही, शेतीवरूनही नाही. ते मोडलं मोटारींच्या एका शर्यतीवरून. ती शर्यत प्रणिताच्या जन्माआधी सहा वर्षं जपानात झाली होती आणि तिला आमच्या दोन्ही घराण्यांतलं कुणीही हजर नव्हतं. दुसरं स्थळही त्याच शर्यतीवरून मोडलं. तिसऱ्या वेळी मात्र मी मध्ये पडलो. मामा म्हणून पडावंच लागतं.

प्रणिताचे वडील आप्पासाहेब म्हणजे माझ्या मनकर्णाआक्काचे यजमान, माझे दाजी. वाळूजच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं तपासनीस होते. यंत्रातून निघालेला प्रत्येक नग मापायचा आणि रजिस्टरला लिहायचा, हे त्यांचं काम. खराब निघालेला नगही लिहायचा. न लिहिता नग फेकणारा माणूस दाजींच्या लेखी चोरापेक्षा खालचा. चोर निदान नग वापरतो तरी.

एकोणनव्वद साली दाजींनी औरंगपुऱ्यातल्या रद्दीवाल्याकडून एक विलायती मासिक आणलं. वाचायला नाही. त्याचा कागद गुळगुळीत होता आणि रजिस्टरला कव्हर घालायचं होतं. कव्हर घालताना शेवटच्या पानावरचा तक्ता त्यांच्या नजरेला पडला. मोटारींच्या जागतिक शर्यतींचा, अठ्ठ्याऐंशी सालचा. पहिला सेन्ना : ९०, आणि पुढं कंसात ९४. दुसरा प्रॉस्त : ८७, आणि पुढं कंसात १०५.

दाजींनी तोवर एकही शर्यत पाहिलेली नव्हती. त्यांच्याकडं सायकल होती. पण तक्ता त्यांना कळायचा. त्या दिवशी जेवताना ते आक्काला म्हणाले, "मनकर्णा, एकशेपाच मोठे की चौऱ्याण्णव?"

"कशाचे?" आक्का म्हणाली.

"कशाचेबी असू दे."

"एकशेपाच."

"मग पहिला कोण?"

आक्कानं वरण वाढलं. तो प्रश्न त्यांच्या घरात तेव्हा आला, तो आजतागायत मुक्कामी आहे.

भानगड अशी होती, असं दाजी सांगतात. शर्यती सोळा. पण नियम असा की प्रत्येकाच्या चांगल्यातल्या चांगल्या अकराच धरायच्या, बाकीच्या सोडून द्यायच्या. प्रॉस्त सात वेळा पहिला आला, सात वेळा दुसरा, आणि दोन वेळा गाडी बंद पडली. म्हणजे जितक्यांदा पोचला तितक्यांदा पहिला नाही तर दुसरा. त्याचे तीन दुसरे नंबर अकरात बसेनात, म्हणून अठरा गुण वजा. सेन्ना आठ वेळा पहिला, तीन वेळा दुसरा. त्याचे वजा झाले फक्त चार, आणि जपानातल्या शर्यतीत त्याचं विजेतेपद पक्कं झालं. "ज्यानं जास्त कमावलं त्याचंच जास्त कापलं," दाजी म्हणतात. "आणि कापलेलं लपवलं कुठं? कंसात!"

पुढं केबल आली, तेव्हा दाजी शर्यती बघायला लागले. पण बघतानाही हातात पेन. पन्नास सालापासूनच्या सगळ्या विजेतेपदांची त्यांनी फेरतपासणी केली. त्यासाठी तीन रजिस्टरं आणि बरीच वर्षं गेली. निष्पन्न काय झालं? सगळे गुण धरले तर फक्त दोन वर्षांचा निकाल फिरतो, चौसष्टचा आणि अठ्ठ्याऐंशीचा. बाकी सगळे विजेते खरेच निघाले. इतक्या वर्षांच्या मेहनतीत दोनच प्रकरणं सापडली, तरी दाजी खट्टू झाले नाहीत. "दोन तर दोन," ते म्हणाले, "नग खराब तो खराब."

दाजींची आणखीही मतं आहेत. शर्यतीत गाडीपेक्षा चाकं बदलणाऱ्यांना बक्षीस द्यावं. पावसात झालेली शर्यत दीडपट धरावी. एकवीस सालचं नाव त्यांच्यापुढं काढायचं नाही. त्या साली शेवटच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत निकाल फिरला आणि दाजींना रक्तदाबाची गोळी सुरू झाली, ती अजून चालू आहे. मला ह्यातलं काही कळत नाही. मी जिल्हा परिषदेत शिक्षण खात्यात होतो. तिथं गाडी एकच होती आणि ती साहेबांची.

तर पहिलं स्थळ. मुलाचे काका "कोण प्रॉस्त?" म्हणाले. दाजींनी सांगायला घेतलं. अडीच तासांनी त्यांची शेवटची एसटी गेली. पाहुणे रिक्षानं नातेवाइकांकडं मुक्कामाला गेले आणि पुन्हा काही कळवलं नाही. दुसऱ्या स्थळातला मुलगा शर्यतींचा शौकीन निघाला, तेव्हा आम्हाला बरं वाटलं. पण त्याच्या मोबाइलवर सेन्नाच्या पिवळ्या हेल्मेटचं चित्र होतं. दाजींनी त्याला चहा पिऊ दिला, हे त्यांनी मला नंतर दोनदा सांगितलं.

आता प्रणिता एकतीस वर्षांची. चिकलठाण्याला एका कारखान्यात डिझाइन खात्यात आहे. तिथलाच पिशोरचा सुदर्शन. दोघांनी परस्पर ठरवलं आणि मग रीतसर स्थळ म्हणून आणलं, म्हणजे मोठ्यांना आपण ठरवलं असं वाटावं. ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "मामा, हे मोडलं तर मी पुन्हा कुणासमोर चहाचा ट्रे घेऊन जाणार नाही. पळूनही जाणार नाही. नुसती घरी बसेन आणि बाबांसोबत दर रविवारी शर्यत बघेन. चालेल?"

ती बोलते ते करते. बाराव्या वर्षी तिनं दाजींना म्हटलं होतं की नियम दोघांनाही आधीपासून ठाऊक होता ना, मग रडायचं कशाला? दाजी तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते, आणि ती चार.

आमच्याकडं लग्न ठरतं ते यादीनं. दोन्हीकडची मोठी माणसं गादीवर बसतात, मांडव कुणाचा, जेवण कुणाचं, मानपान कुणाचे, सगळं कलमवार लिहितात आणि खाली भावकी सह्या करते. भावकीतल्या एकाची सही राहिली तर यादी लंगडी. अक्षर बरं म्हणून लिहायला मलाच बसवतात. यादी रविवारी दाजींच्या घरी ठरली. मी सकाळीच फुलंब्रीला जाऊन थांबलो. पिशोरच्या मंडळींची क्रूझर वाटेत तिथं चहाला थांबणार होती, आणि शिकवणी घ्यायला माझ्याकडं तेवढाच वेळ होता.

मुलाचे वडील काकासाहेब धोतर-टोपीतले, चेहऱ्यानंच तहसीलच्या पायऱ्या झिजवलेले दिसत होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"काकासाहेब, एक प्रश्न येईल. अठ्ठ्याऐंशी सालचा खरा चॅम्पियन कोण? तुम्ही म्हणायचं, प्रॉस्त."

"प्रॉस्त," काकासाहेब म्हणाले. "कुठले ते?"

"फ्रान्सचे."

"अन् दुसरी पार्टी?"

"सेन्ना. ब्राझील."

"निकाल कुणाकडनं झाला?"

"सेन्नाकडनं. पण आपण तसं म्हणायचं नाही."

"म्हनजे वरच्या कोर्टात चालू हाय?"

"नाही, संपलं. सदतीस वर्षं झाली."

"मग आपले पाव्हने कोन त्याच्यात? वकील?"

"पाहुणे त्याच्यात कुणीच नाहीत."

काकासाहेबांनी बशीतला चहा संपेपर्यंत माझ्याकडं पाहिलं. "कुनीच नाय तरी सदतीस वर्सं धरून बसलेत," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आदर होता. "सोयरीक चांगली हाय."

क्रूझरच्या मागच्या बाकावर त्यांचे धाकटे बंधू नानासाहेब बसले होते. दोघा भावांत चार वर्षं बोलणं नव्हतं. जमिनीच्या वाटणीचा दावा चालू होता. पण यादीला भावकीची सही लागते, म्हणून नानासाहेबांना आणणं भाग होतं. दोघं एकमेकांशी बोलायचे ते मध्ये बसलेल्या आईमार्फत. "आये, त्याला म्हनावं खिडकी लाव." आई म्हणजे चतुराबाई, वय ऐंशीच्या पुढं, ती काही न सांगता स्वतःच खिडकी लावायची.

औरंगपुऱ्याच्या गल्लीत क्रूझर शिरेना. लांब उभी करून मंडळी चालत आली. पाणी झालं, पोहे झाले. चतुराबाई आत बायकांत न बसता बाहेरच भिंतीला टेकून बसल्या. पाय वळत नाहीत म्हणाल्या, पण मला वाटतं ऐकायचं होतं. मी कागदावर "श्री" काढला. कलम एक ते आठ पाऊण तासात झाली. इतकं सुरळीत चाललं की मला भीती वाटायला लागली. मग दाजींनी चष्मा पुसला.

"काकासाहेब, एक विचारू?"

"प्रॉस्त," काकासाहेब म्हणाले.

मी पेनाचं टोपण शोधायला खाली वाकलो. पण दाजींना त्यात काही गैर वाटलं नाही. उत्तर प्रश्नाच्या आधी आलं, ह्यात त्यांना पक्केपणा दिसला. त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत न विचारता प्रॉस्त म्हणणारा पहिला माणूस त्यांच्या गादीवर बसला होता.

आता माणूस खूश झाला की गप्प बसत नाही. दाजींनी रजिस्टरं काढली. आधी अठ्ठावन्न साल निघालं. "मॉस चार शर्यती जिंकला, हॉथॉर्न एक. तरी हॉथॉर्न एका गुणानं पुढं. का? तर पोर्तुगालात हॉथॉर्नला बाद करायला निघाले होते, तेव्हा हा मॉस त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला गेला."

"कुनाच्या बाजूनं?" काकासाहेब.

"ज्याच्याशी भांडण त्याच्याच."

"सोताहून?"

"स्वतःहून. आणि एका गुणानं घालवून बसला."

काकासाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "आमच्या तालुक्यात," ते म्हणाले, "आपला साक्षीदार आपल्या बाजूनं बोलंना."

मग सत्तर साल. रिंट नावाचा माणूस गुणांत पुढं होता, शर्यतीच्या सरावात गेला, आणि उरलेल्या शर्यतींत कुणालाच त्याला गाठता आलं नाही. मेल्यावर विजेता झाला.

"अगं बया," भिंतीकडनं आवाज आला. चतुराबाई पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. "बायकू व्हती का त्याला?"

"होती. तिनंच बक्षीस घेतलं."

"एवढं करून ठेवून गेला. लेकरं लहान असतील." आणि त्या नानासाहेबांकडं वळून म्हणाल्या, "सुतक किती दिसाचं धरायचं रे?"

"आये, सत्तर सालचं हाय ते."

"मग फिटलं असंल," चतुराबाई म्हणाल्या, पण त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली ती सारलीच.

इथंच थांबलं असतं तर आम्ही जेवायला बसलो असतो. पण दाजींना काकासाहेबांचा प्रॉस्त पाठ केलेला नसून मनापासूनचा आहे, ह्याची खात्री वाटत होती आणि त्यांना त्या खात्रीचा आनंद घ्यायचा होता. त्यांनी अठ्ठ्याऐंशीचं पान उघडून काकासाहेबांच्या मांडीवर ठेवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. एकूण एकशेपाच. वजा अठरा. राहिले सत्त्याऐंशी.

काकासाहेबांनी तक्त्यावर बोट ठेवलं. बोट थांबलं. चेहरा एकदम उजळला, जसा सातबारा बघताना उजळतो.

"थांबा. येकूण क्षेत्र येकशेपाच?"

"एकशेपाच."

"त्यातलं अठरा पोटखराबा!"

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. शेतात नाला असतो, खडक असतो, जिथं नांगर चालत नाही असा तुकडा असतो. सातबाऱ्यावर तो पोटखराबा म्हणून वेगळा लिहितात. एकूण क्षेत्रात तो दिसतो, पण सारा बसवताना वजा जातो. दाजींच्या तीन रजिस्टरांना जे मला इतक्या वर्षांत समजावता आलं नाही, ते काकासाहेबांना एका शब्दात समजलं होतं. फक्त उलटं.

"मग पोटखराबा वजा जानारच की, पाव्हनं! कायदाच हाय. सत्त्याऐंशी अन् नव्वद. नव्वदवाला जिंकला. ह्यात वाद कसला?"

दाजींनी रजिस्टर हळूच काकासाहेबांच्या मांडीवरून उचललं, परक्या माणसाच्या हातातून लेकरू घ्यावं तसं.

"तुम्ही आत्ता प्रॉस्त म्हणाला होता."

"तवा उतारा बघितला नव्हता."

"अहो, पोटखराबा कसा? तिन्ही वेळा दुसरा आलाय माणूस! जगात दुसरा! त्याला तुम्ही खडक म्हणता?"

मी काकासाहेबांच्या धोतराला ओढलं. त्यांनी धोतर सोडवून घेतलं. माझ्या बाजूला येऊन ते कुजबुजले, "त्रिंबकराव, प्रॉस्त म्हनायला माझं काय जातंय? हजारदा म्हनलो असतो. पन त्यो बसलाय ना मागं."

मागं नानासाहेब बसले होते. आता बसले नव्हते. गुडघ्यांवर आले होते.

तेव्हा मला भावांच्या दाव्याची हकीकत कळली. वाटणीत नाल्याकाठचा सव्वीस गुंठ्यांचा खडकाळ तुकडा काकासाहेबांकडं आला. काकासाहेब म्हणत, तो पोटखराबा, तो धरायचा नाही, दोघांना सारखं आलं. नानासाहेब म्हणत, गुंठा तो गुंठा, सगळं धरायचं, थोरल्याकडं सव्वीस गुंठे जास्त गेले. काकासाहेबांनी पंचांसमोर, यादीच्या गादीवर, सगळं धरायचं असं एकदा कबूल केलं असतं, तर नानासाहेब ते सोमवारी तहसीलला सांगून आले असते.

"आप्पासाहेब," नानासाहेब म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून दाजींचं नाव पहिल्यांदाच आलं, ते सख्ख्या भावाला हाक मारावी तसं, "तुमचं बराबर हाय. सगळं धरलं पायजे. एकशेपाच म्हनजे एकशेपाच."

"बघा!" दाजी म्हणाले.

"कापून घेनारे कापून घेतात अन् कंसात टाकतात," नानासाहेब म्हणाले. "आमच्या घरात बी हायेत तसले."

"आये," काकासाहेब म्हणाले, "त्याला म्हनावं, फ्रान्समधली जमीन वायली, पिशोरची वायली."

"आये, त्याला म्हनावं, कायदा येकच."

चतुराबाई म्हणाल्या, "मला त्या मेलेल्याचं वाईट वाटतंय. तुमी दोघं जित्ते असून असले."

पुढचा अर्धा तास मला नीट सांगता येणार नाही. दाजी आणि नानासाहेब एका बाजूला झाले. काकासाहेब एकटे दुसऱ्या बाजूला, पण त्यांच्या बाजूनं निकाल होता. दाजी बोलत होते जपानातल्या सुझुकाच्या त्या शर्यतीबद्दल, नानासाहेब सहमती दाखवत होते नाल्याबद्दल, आणि दोघांचं तंतोतंत जुळत होतं. काकासाहेबांनी विचारलं की प्रॉस्तनं मुदतीत हरकत का घेतली नाही. दाजी म्हणाले, नियमच तसा होता, हरकत कशी घेणार? काकासाहेब म्हणाले, मग झालंच की. दाजी म्हणाले, काय झालं? मी मध्येच विचारलं, चौसष्टचं काय? हे मी का विचारलं मला ठाऊक नाही. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच कुणाचे गुण कापलेत.

सुदर्शन कोपऱ्यात बसून मोबाइलची काच रुमालानं पुसत होता. ती स्वच्छ होती.

शेवटी दाजींनी चष्मा काढून खिशात घातला. ही खूण मला दोन स्थळांपासून ओळखीची होती. "काकासाहेब," ते म्हणाले, "पोहे खाल्लेत, पाणी प्यालात, आनंद वाटला. पण ज्या घरात कमावलेलं मोजत नाहीत, त्या घरात माझी लेक—"

"बाबा."

प्रणिता दारात उभी होती. हातात ट्रे नव्हता.

"प्रॉस्तला एकूण विजेतेपदं किती?"

दाजी गडबडले. पण तक्ता विचारला की उत्तर दिल्याशिवाय त्यांना राहवत नाही. "चार."

"कुठली?"

"पंच्याऐंशी, शहाऐंशी, एकोणनव्वद, त्र्याण्णव."

"म्हणजे अठ्ठ्याऐंशीनंतर दोन मिळाली."

"मिळाली."

"त्याचं काही अडलं नाही, बाबा. माझं अडलंय."

स्वयंपाकघरात गॅस बंद केल्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना आला आणि आक्का येऊन दारापाशी उभी राहिली.

"तुम्ही त्याची बाजू घ्या ना, जन्मभर घ्या," प्रणिता म्हणाली. "मी कधी नको म्हटलं? पण दोन वेळा मला विचारलं नाही कुणी, आणि दोन्ही वेळा हरले मी. मी तर शर्यतीतसुद्धा नव्हते."

दाजींनी रजिस्टर मिटवलं. पुन्हा उघडलं, पान क्रमांक पाहिला, पुन्हा मिटवलं. असा माणूस हरतो तेव्हा मोठ्यानं हरत नाही. तो नोंद कुठं करायची ते शोधतो.

"त्रिंबक," ते म्हणाले, "लिही. पण निकाल मला मान्य नाही, हेही लिही."

"तोंडी नकोच!" काकासाहेब एकदम म्हणाले. "कलम घाला. नवं कलम. उद्या कुनी म्हनायला नको."

मी नववं कलम लिहायला घेतलं. ते तिघांनी मिळून सांगितलं, प्रत्येकानं आधीच्याचं खोडून, आणि शेवटी जे कागदावर उतरलं ते असं : "सन १९८८ चा निकाल लागला तसा कायम. मुलीच्या वडिलांची हरकत नोंदवून घेतली. सदर बाबीचा पिशोर येथील जमिनीशी संबंध आहे किंवा कसे, हे उभय बंधूंनी राखून ठेवले आहे."

मी ते मोठ्यानं वाचलं. काकासाहेब मान डोलावत म्हणाले, "माझ्या बाजूनं हाय." नानासाहेब म्हणाले, "आये, त्याला म्हनावं, नीट ऐक, माझ्या बाजूनं हाय." काकासाहेब गर्रकन वळून थेट त्यांच्यावर ओरडले, "कसं काय तुझ्या बाजूनं रं?" आणि मग दोघं भाऊ एकमेकांच्या तोंडाला तोंड देऊन भांडायला लागले. चतुराबाईंनी टेकलेली पाठ सोडली आणि कान देऊन ऐकलं. चार वर्षांनी त्यांना मध्ये बसावं लागत नव्हतं. त्यांनी पोह्यांची बशी पुन्हा ओढून घेतली.

सह्या सुरू झाल्या. दाजींनी पेन घेतलं. बराच वेळ धरलं. मग आपलं नाव लिहून त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, "हरकत राखून." काकासाहेबांनी ते वाकून वाचलं आणि दाजींच्या पाठीवर थाप मारली.

"पाव्हनं, मला सोयरा असाच पायजे व्हता. सही करतो पन हक्क सोडत नाय."

"तुम्ही प्रॉस्त म्हणाला होता," दाजी म्हणाले.

"अजून बी म्हनंन की. यादीच्या बाहेर."

काकासाहेबांनी सही केली. नानासाहेबांनी केली. मी कागद घडी घालायला घेतला, तेव्हा प्रणिता म्हणाली, "माझी?"

"मुलीची सही नसते यादीवर," मी म्हणालो. "आजवर कधी घेतली नाही."

काकासाहेबांच्या कपाळावर आठी पडली. काहीतरी जुनं आठवल्यासारखी.

"घ्या," ते घाईनं म्हणाले. "घ्या बरं का तिची सही. आमच्या वाटनीत दगडाबाईची, बहिनीची, घ्यायची राहिली. म्हनलं कशाला, ती तर बहीन. पाच वर्सं झाली, तिचा बी दावा चालू हाय. घ्या, घ्या, पेन द्या पोरीला."

प्रणितानं खाली बसून पूर्ण नावानं सही केली, तारीख घातली, आणि पेन सुदर्शनपुढं धरलं. सुदर्शन बिचारा लगेच वाकला.

"वाचून कर," ती म्हणाली.

त्यानं वाचलं. यादी पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत वाचणारा त्या खोलीतला तो पहिलाच माणूस. आठ कलमांपर्यंत तो मान हलवत गेला. मग मान थांबली.

"हे नववं काय आहे?" त्यानं विचारलं.

दाजी, काकासाहेब, नानासाहेब आणि मी, चौघंही एकदम सांगायला लागलो. दाजींनी पुन्हा रजिस्टर उघडलं. नानासाहेबांनी बोटानं हवेत नाला काढला. आक्का आतून ओरडली की जेवण गार होतंय.

"आधी सही कर," प्रणिता त्याला म्हणाली. "हे समजून घ्यायला पुष्कळ वर्षं आहेत."

त्यानं सही केली.